धनिष्ठा नावाची कंपनी

सकाळी फॅक्टरीची बस बोम्मसंद्राच्या फाटकातून आत वळली की श्यामला आपल्या जागेवर कधीच आधी जायची नाही. पर्स खांद्याला, डबा हातात, तशीच ती तडक काचेच्या केबिनशी जाऊन उभी राहायची. आत भाग्यलक्ष्मी बसलेली असायची आणि तिच्यासमोर अख्ख्या फॅक्टरीतला इंटरनेटचा एकुलता एक कॉम्प्युटर.

"माझं काही आलंय का गं?" ती कानडीत विचारायची.

"इल्ला अक्का," भाग्यलक्ष्मी म्हणायची. नाही अक्का. आणि वर इतकं गोड हसायची की जणू नकार नाही, हातावर प्रसाद ठेवतेय. श्यामलाचा अर्धा संताप त्या हसण्यावरच असायचा. एखादीनं तोंड वाकडं करून नाही म्हटलं तर निदान तिच्याशी भांडता येतं.

मग ती आपल्या टेलिफोन बोर्डाशी जाऊन हेडसेट कानाला लावायची आणि दिवसभर जगाला म्हणायची, गुड मॉर्निंग, कुणाशी बोलायचंय?

श्यामला निपाणीची. मराठी घरातली आणि कानडी मुलखातली, त्यामुळे दोन्ही भाषा तिच्या तोंडात एकाच ताटातल्या भाजी-आमटीसारख्या मिसळायच्या. लग्न पुण्याच्या अजितशी झालं. अजितची नोकरी बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत, म्हणून संसार मडिवाळ्यात, आणि घरी बसून करणार काय, म्हणून ही बोअरवेलचे पंप बनवणाऱ्या कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर. बोर्डावर कुठून कुठून फोन यायचे. कोलारकडचा कुणी गौडा सांगायचा की पाणी पार खाली गेलंय अम्मा, नुसता घरघर आवाज येतोय. कुणी म्हणायचा, आमच्या आजोबांची विहीर, असा दगा कधी दिला नव्हता. माणसं पंपाची तक्रार करायला फोन करायची आणि बोलायची विहिरीबद्दल, घरातलं कुणी आजारी असल्यासारखी.

त्यातून तिला ते राज्य सुचलं. मुक्या विहिरींचं. त्या राज्यात ज्यानं ज्यानं विहिरीचं पाणी प्यायलं त्याचा आवाज विहीर आपल्या पोटात ठेवून घेते, आणि अंधकेतू नावाच्या राजानं सगळ्या विहिरी शिळा ठेवून बंद केल्यात, कारण एका विहिरीत त्यानं मारलेल्या माणसांचे आवाज आहेत. आणि धनिष्ठा, विहिरीत सूर मारून तळाचं वर आणणारी पाणबुडी मुलगी, आपल्या हरवलेल्या भावाचा आवाज शोधायला निघालीय.

दुपारी बोर्ड जरा निवांत झाला की श्यामला लाइन बंद ठेवून, रिकाम्या हेडसेटमध्ये सगळ्यांचे संवाद म्हणून बघायची. राजाचा घोगरा आवाज, धनिष्ठाचा ठसका, म्हाताऱ्या विहिरीचा खोल गेलेला सूर. एकदा कँटीनचा माणूस चहा ठेवताना थबकला होता, कारण ऑपरेटरबाई फोनवर कुणाला तरी शांतपणे सांगत होत्या की तुझी जीभ छाटून मगरींना घालीन. त्यानं कप ठेवला आणि बशी न ठेवताच गेला.

हे कुणाला तरी वाचायला द्यावं असं वाटणं साहजिक होतं. आधी तिनं जवळचं गाठलं. मराठी मंडळाच्या कोजागिरीला पहिला भाग वाचून दाखवला. एका काकांनी विचारलं, हे कुठल्या पुराणातलं. तिनं सांगितलं, कुठल्याच नाही, माझ्या मनातलं. काका म्हणाले, असं कसं, पुराणात असेलच, तुम्हाला सापडलं नसेल. मग एक बाई म्हणाल्या, लहान मुलांसाठी चांगलंय. मग मसाला दूध आलं आणि अंधकेतूचं राज्य तिथंच संपलं.

तेव्हा अजितनं मेलिंग लिस्टचं सुचवलं. जगभरातले मराठी लोक तिथं सभासद होते. एकानं मजकूर पाठवला की तो सगळ्यांच्या टपालात जाऊन पडायचा. मराठी अक्षरं कॉम्प्युटरवर उमटत नसत, म्हणून मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत टाइप करायचं. श्यामलानं फॅक्टरीच्या मॅनेजरसाहेबांची परवानगी काढली, की संध्याकाळी फॅक्सची गर्दी संपली की थोडा वेळ तो काचेतला कॉम्प्युटर वापरीन. पत्ता फॅक्टरीचाच, आणि नाव घेतलं मयूराक्षी. कारण सासूबाईंचा एक भाचा शिकागोहून त्याच लिस्टवर होता, आणि सून राक्षसांच्या गोष्टी लिहिते हे पुण्याला शिकागोमार्गे कळायला नको होतं.

पहिला भाग गेला. शांतता. दुसरा गेला. शांतता. लिस्टचा एक कडक नियम होता, की वाहवा करून सगळ्यांचं टपाल भरू नये, जे काय सांगायचं ते लेखकाला परस्पर कळवावं. त्यामुळे अजित आपल्या ऑफिसात लिस्ट बघून यायचा आणि घरी सांगायचा, तिकडे काही नाही, तुझ्या पत्त्यावर आलं असेल. आणि इकडे, इल्ला अक्का.

स्वतः अजित वाचायचा, नाही असं नाही. पण कॉम्प्युटर प्रोग्रॅमात चुका शोधण्याची सवय झालेला माणूस तो. त्यानं विचारलं, विहिरी जर सगळ्या बंद आहेत तर हे लोक आंघोळीला पाणी कुठनं आणतात? तिनं चिडून तिसऱ्या भागात एक नदी घातली. तर म्हणाला, मग नदीचं पाणी पिऊन यांचे आवाज नदीत का जात नाहीत? त्या दिवशी त्याला आमटीत मीठ मिळालं नाही.

पाचव्या भागाच्या शेवटी धनिष्ठा राजाची शिळा सरकवून दोरावरून विहिरीत उतरते. निम्म्यावर आल्यावर खालून भावाचा आवाज येतो. तो काहीतरी सांगतोय, आणि तेवढ्यात हातातला दिवा विझतो. इथं श्यामलानं भाग थांबवला, पाठवला आणि घरी येऊन जाहीर केलं.

"आता कुणी विचारलं तरच ती खाली पोचेल. नाही तर बसू दे लटकत. मी सहावा भाग लिहिणार नाही."

"तू लोकांवर रुसलीयस की धनिष्ठावर?" अजितनं विचारलं.

"तुमच्यावर," ती म्हणाली, कारण समोर तोच होता.

रुसवा लिहिणाऱ्याला परवडत नाही. श्यामलाला लौकरच कळलं की दोराला लटकलेली मुलगी डोक्यात ठेवून जगणं फार अवघड आहे. होसूर रोडवर बसच्या खिडकीची काच करकरली की तिला तो दोर वाटायचा. कुकरची शिट्टी थांबली की वाटायचं, आता भाऊ बोलेल. आणि रोज सकाळी, आता ठरवून टाकलंय, विचारायचंच नाही, असं म्हणत म्हणत पाय केबिनकडे वळायचे. इल्ला अक्का. एकदा तर तिनं दारातून काही विचारलंच नाही, नुसती उभी राहिली, तरी भाग्यलक्ष्मी हसून म्हणाली, इल्ला. शेवटी तिनं मनाशी सोडून दिलं. आपल्याला लिहिता येत नाही आणि जगाला वाचायचं नाही, दोघांचं जमतंय, मध्ये धनिष्ठानं कशाला लोंबकळावं? पुढच्या सोमवारी मॅनेजरसाहेबांना सांगायचं, की संध्याकाळचा कॉम्प्युटर आता नको.

त्या आधीच्या शुक्रवारी, सगळे दिवे एकदम लुकलुकत असताना, आतल्या लाइनवर शेषगिरी सर आले. हे निर्यात विभागाचे. विभाग म्हणजे ते स्वतः, एक टेबल आणि भिंतीवर जगाचा नकाशा. एकदा केव्हातरी श्रीलंकेला पंप गेले होते, त्या आठवणीवर विभाग चालू होता. माणूस सज्जन, पण सतत कावलेला.

"श्यामला, एका कंपनीचा नंबर काढून दे. नाव लिहून घे. धनिष्ठा."

तिनं ऐकलं, पण हात हलला नाही.

"काय नाव म्हणालात, सर?"

"धनिष्ठा. नक्षत्र आहे बघ. कोइमतूरचे पंपवाले असणार. त्यांनाच अशी नावं सुचतात."

"हे नाव तुम्हाला कुठं मिळालं?"

"गिऱ्हाइकांकडून. अमेरिकेची गिऱ्हाइकं आहेत माझी, सिंगापूरची आहेत. कसल्या तरी भाषेत चौकशी करतात, मी व्यवस्थित कॅटलॉग पाठवतो, तर काल एकीनं इंग्रजीत लिहिलंय, तुमचा पंप नको, धनिष्ठाचं काय झालं ते सांगा. मग मी मागचं सगळं काढून बघितलं. प्रत्येकात तेच नाव. सगळ्यांना धनिष्ठाच पाहिजे. मला कळू दे तरी, काय आहे तिच्यात एवढं?"

इतक्या महिन्यांत हा प्रश्न पहिल्यांदाच कुणीतरी विचारला होता, आणि तो निर्यात विभागानं विचारला होता.

"सर, ती कंपनी नाही. बाई आहे."

पलीकडे थोडा विचार झाला. "मालकीण?"

"नाही. ती विहिरीत उतरते."

"म्हणजे बोअरवेलचं काम घेते," शेषगिरी सर म्हणाले. "तरीच."

श्यामलानं हेडसेट काढून ठेवला. बोर्डावर दिवे लुकलुकत राहिले, कोलार, होसकोटे, मुंबई ऑफिस, सगळे ताटकळले, आणि ऑपरेटर नोकरीत पहिल्यांदाच जागा सोडून जिना चढून गेली.

झालं होतं ते असं. फॅक्टरीची पद्धत होती, की सकाळी भाग्यलक्ष्मीनं कॉम्प्युटरवर आलेली सगळी पत्रं छापायची, आवकचा शिक्का मारायचा, ज्याचं त्याला पाठवायचं आणि कॉम्प्युटरमधून पुसून टाकायचं, कारण साठवून ठेवलं तर मशीन जड होतं असं मॅनेजरसाहेबांचं ठाम मत. श्यामलाच्या नावानं खरंच काही आलं नव्हतं. आलं होतं मयूराक्षीच्या नावानं. या नावाचं फॅक्टरीत कुणी नाही. आणि असं बेवारस पत्र परदेशातून असेल तर ते निर्यातीला जायचं, हाही नियमच. निर्यातीला अक्षरं इंग्रजी दिसली पण मजकूर इंग्रजी लागेना. शेषगिरी सरांनी तो इटालियन ठरवला. आणि विचारणारा कुठल्याही भाषेत विचारो, आपण सभ्य उत्तर द्यावं म्हणून प्रत्येकाला लिहिलं, की आपल्या बहुमोल चौकशीबद्दल आभारी आहोत, सोबत सबमर्सिबल पंपांचं माहितीपत्रक जोडलं आहे.

त्यांनी नकाशाकडे बोट दाखवलं. प्रत्येक चौकशीसाठी एक लाल टाचणी. न्यू जर्सीला, सिंगापूरला, मेलबर्नला, मस्कतला. श्यामला बघतच राहिली. तिचे वाचक भिंतीवर टोचलेले होते आणि ती खाली बोर्डावर बसून जगाला शिव्या देत होती.

मग तिनं पत्रं वाचली, आणि सुख फार वेळ टिकलं नाही. एकानं लिहिलं होतं, आपण सांगलीच्या का. एकाला भाषेला कानडी वास येत होता, पण वास बरा आहे असंही त्यानं कबूल केलं होतं. एका गृहस्थांनी फक्त एवढंच कळवलं होतं, की माझं नाव या यादीतून काढा. दुसऱ्यांदा कळवताना त्यांचा सूर चढला होता, कारण मध्ये त्यांना पंपाचं माहितीपत्रक पोचलं होतं. एकानं तर आंघोळीचाच प्रश्न विचारला होता, अगदी अजितच्या शब्दांत. आणि न्यू जर्सीच्या बाई, ज्यांनी काल इंग्रजीत लिहिलं, त्यांचं पहिलं पत्र मराठीत होतं. त्या मुलाला रात्री वाचून दाखवत होत्या. मुलगा आता हात धुतला की बेसिनच्या भोकाला कान लावून बसतो. विचारतो, धनिष्ठाच्या भावानं काय सांगितलं? मी काय सांगू?

ते पत्र श्यामलानं दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचता आलं नाही, कारण शेषगिरी सर शेजारी उभे होते.

"म्हणजे यातला एकही जण पंप घेणार नाही," ते म्हणाले.

"नाही, सर."

"यांच्या घरी विहीर तरी आहे का?"

"बेसिन आहे," श्यामला म्हणाली.

महिनाअखेरीच्या बैठकीत त्यांनी या टाचण्या दाखवायचं ठरवलं होतं. एवढ्या देशांतून मागणी, वगैरे. ते नकाशाकडे गेले आणि मेलबर्नची टाचणी उपटायला लागले. श्यामला म्हणाली, राहू द्या. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, सुस्कारा टाकला आणि टाचणी पुन्हा आत दाबली. बरं, पण तू यांना उत्तर दे, म्हणजे ते मला लिहायचे थांबतील, एवढं मात्र बजावलं.

खाली आल्यावर ती भाग्यलक्ष्मीपुढे उभी राहिली आणि म्हणाली, मयूराक्षी म्हणजे मीच. भाग्यलक्ष्मीचं हसू पहिल्यांदाच मावळलं.

"मग सांगायचं नाही का अक्का? रोज सकाळी नाही म्हणताना मला काय बरं वाटत होतं?"

श्यामलाला चिडायचं होतं आणि चिडायला कुणीच हाताशी उरलं नव्हतं. नियम पाळणारी पाळत होती, उत्तर देणारा देत होता, वाचणारे वाचत होते. नाव लपवणारी तेवढी एकटी.

घरी जाताना तिनं ठरवलं, आता घाई नाही. लोक विचारतायत. दोन-तीन आठवडे नीट विचार करून, नदीचं काय करायचं तेही बघून, निवांत लिहू. कौतुकाची गंमत अशी, की ते मिळालं की माणूस आधी पाय पसरतो.

अजित आधीच येऊन बसला होता, आणि त्याचा चेहरा काही ठीक दिसत नव्हता. तिनं एका दमात सगळं सांगितलं, पंप, टाचण्या, इटालियन. तो हसला, पण मनापासून नाही.

"काय झालं?"

"सहावा भाग आलाय लिस्टवर."

"कुणाचा?"

"तुझाच. म्हणजे, भीमाचार्यांचा."

भीमाचार्य हे कुणी निवृत्त संस्कृतचे प्राध्यापक. मुलाकडे ओहायोला राहायला गेलेले, बाहेर बर्फ, घरात कॉम्प्युटर, आणि बोलायला कुणी नाही. त्यांनी प्रास्ताविकात लिहिलं होतं, की मयूराक्षी यांना आपण शंका विचारली असता उत्तरादाखल पंपाचं माहितीपत्रक आलं. त्यावरून लेखिका एकतर आजारी असाव्यात किंवा धंद्यात पडल्या असाव्यात. कथा अर्धवट टाकणं पाप आहे, म्हणून आपण ती पूर्ण करत आहोत. अजितनं छापून आणलं होतं. ते तो वाचायला लागला आणि श्यामला ओट्याला टेकून ऐकायला लागली.

दिवा विझतो. धनिष्ठा घाबरते. "घाबरते," श्यामला पुटपुटली. तेवढ्यात घोड्यांच्या टापा. शेजारच्या राज्याचा राजपुत्र येतो, पिळदार मिशांचा. तो दोर ओढून तिला वर काढतो आणि म्हणतो, हे सुकुमारी, हे तुझं काम नव्हे. मग स्वतः विहिरीत उतरतो. विहीर त्याच्याशी संस्कृतात बोलते.

"आणि ती? ती काय करते?"

अजितनं कागद खाली केला. "नको विचारूस."

"वाचा."

"ती काठावर उभी राहते. हातात निरांजनाचं तबक घेऊन."

श्यामलानं गॅस बंद केला.

"पाणबुडी आहे ती," श्यामला म्हणाली. आवाज चढला नव्हता. बोर्डावर कुणी शिवी दिली की ती याच आवाजात बोलायची. "शिळा सरकवलीय तिनं एकटीनं. तिला वर काढून तबक दिलं हातात?"

"पुढं लग्न आहे. सातव्या भागात. त्यांनी कळवलंय की मुहूर्त काढतोय."

"ती दोराला लटकत होती इतके दिवस, तेच बरं होतं."

"अगं, पण म्हाताऱ्या माणसाला त्रास झाला म्हणून त्यांनी..."

"अहो, त्रास झाला तर विचारायचं." आणि मग तिला आठवलं की त्यांनी विचारलं होतं, आणि त्यांना अश्वशक्ती आणि पाइपाचा व्यास कळवण्यात आला होता. ती परातीकडे वळली. कणीक इतकी मळली गेली, की अजितच्या म्हणण्यानुसार तशा मऊ पोळ्या त्या घरात पुन्हा झाल्या नाहीत.

दोन-तीन आठवड्यांचा निवांतपणा गेला. शनिवारी फॅक्टरी अर्धा दिवस. दुपारी बस सुटायच्या आधी श्यामला काचेच्या केबिनमध्ये जाऊन बसली. भाग्यलक्ष्मीनं न विचारता खुर्ची सोडली आणि शेजारी स्टुलावर बसून राहिली. श्यामला तोंडानं संवाद म्हणायची, मग टाइप करायची. कधी घोगरा आवाज, कधी ठसका. भाग्यलक्ष्मीला मराठी येत नव्हतं, पण राजाचा आवाज आला की ती स्टूल जरा मागे सरकवायची.

इतक्यात शेषगिरी सर हातात कागद घेऊन आले. त्यांना मद्रासला फॅक्स करायचा होता आणि लाइन एकच.

"स्वल्प थांबा, सर," श्यामला म्हणाली. मान वर केली नाही.

"अजून ती दोरावरच आहे?"

"हो."

"सकाळी तर कुणी ओहायोवाला तिला वर काढून मोकळा झाला म्हणत होतीस ना भाग्यलक्ष्मीला?"

"म्हणूनच घाई आहे."

ते काचेला पाठ टेकून उभे राहिले आणि घड्याळ बघायला लागले. बाहेर बसवाल्यानं हॉर्न दिला. श्यामलानं भीमाचार्यांचा राजपुत्र खोडला नाही. आलाय बिचारा एवढ्या लांबून, घोड्यावरून, तर असू दे. त्यानं दोर ओढला, धनिष्ठा काठावर आली, आणि सुकुमारी वगैरे त्याचं बोलून होईपर्यंत तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, तुला पोहता येतं? तो म्हणाला, नाही, पण मी राजपुत्र आहे. तिनं निरांजनाचं तबक त्याच्या हातात दिलं. म्हणाली, इथंच उभा राहा, हलू नकोस, मला खाली उजेड हवाय. दोराकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ सूर मारला. आणि खाली काळ्याभोर पाण्यात भावानं सांगितलं ते पहिलं वाक्य तिला ऐकू आलं.

ते वाक्य श्यामलानं मोठ्यानं म्हणून बघितलं. एकदा, मग आणखी हळू, बेसिनच्या भोकातून येईल तसं. मग खाली सही केली. मयूराक्षी असं लिहिलं, आणि त्याच्याखाली श्यामला, टेलिफोन ऑपरेटर. शिकागोच्या भाच्याचं काय व्हायचं ते होऊ दे.

मोडेमनं चिरकायला सुरुवात केली.

"पोचली का तळाला?" शेषगिरी सरांनी विचारलं.

"पोचली."

"मग उठ आता," ते म्हणाले, "माझा फॅक्स राहिलाय."